काजळ आणि कार्बाइड

२०२५ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत भोपाळच्या एका प्रयोगशाळेत दोन महिने काम करण्याची संधी मला मिळाली. पत्र आले त्या दिवशी घरात पेढे वाटले गेले. आजीने मात्र पेढा हातातच धरून विचारले, "तेच ना गं ते, गॅसचं गाव?" मी म्हटले, "हो आजी, पण त्याला चाळीस वर्षं झाली." आजी काही बोलली नाही. तिने पेढा देवापुढे ठेवला.

बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, इटारसी असा प्रवास करीत मी भोपाळला उतरले. वडिलांच्या ओळखीतून एका मराठी कुटुंबात राहण्याची सोय झाली होती. काका 'भेल'मधून निवृत्त झालेले आणि काकूंचा जन्मच भोपाळचा. त्यांची मराठी ऐकून पहिले दोन दिवस मला गंमत वाटे. 'और काय', 'बस झालं ना', 'जरा रुक' असे शब्द त्यांच्या बोलण्यात सहज येत. पहिल्या रात्री ताटात पोळी वाढताना त्यांनी विचारले, "काय काम करणार बेटा तू इथं?"

"कार्बनवर काम आहे, काकू."

त्यांचा हात थांबला. "कार्बाइडवर?"

"नाही नाही, कार्बन. कोळसा, काजळी, त्यातला."

"हां, कार्बन," असे म्हणून त्यांनी पोळी वाढली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तो दुसरा शब्द आम्ही जेवताना काढत नाही."

मी ओशाळले. खरे तर हे दोन शब्द एकाच कुळातले. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी टाकले की ॲसिटिलीन वायू निघतो, हे आपण बारावीत शिकतो. त्या कार्बाइडवरूनच 'युनियन कार्बाइड' या अमेरिकन कंपनीला नाव मिळाले. आमच्या वडिलांच्या लहानपणी याच कंपनीचे 'एव्हरेडी' सेल घरोघरी असत. संपलेला सेल दगडाने फोडून त्यातली काळी कांडी काढायची आणि तिने शाळेच्या भिंतीवर रेघोट्या मारायच्या, हा खेळ त्यांनी मला कितीदा तरी सांगितला आहे. ती कांडी म्हणजे शुद्ध कार्बन. तेव्हा कार्बन आणि कार्बाइड हे दोन्ही शब्द आमच्या घरात निरुपद्रवी होते. भोपाळमध्ये ते तसे नाहीत, हे मला पहिल्याच रात्री कळले.

आता माझ्या कामाविषयी. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी सरांनी माझ्या हाती एक लहानशी कुपी दिली. तळाशी चिमूटभर काळी पूड होती. ती पाहताच मला आजीच्या काजळाची आठवण झाली. आजी एरंडेलाचा दिवा लावून त्यावर तांब्याचे ताटले उपडे धरी, त्यावर धरलेली काजळी बोटाने निपटून काढी आणि तुपात खलून डबीत भरून ठेवी. आमच्या कानडी विभागातले मित्र याच काजळाला 'काडिगे' म्हणतात. लहानपणी मी एकदा ती कोरडी काजळी पाण्यात कालवण्याचा प्रयत्न केला होता. ती पाण्यात मिसळेना, वरच तरंगत राहिली आणि माझ्या परकराचे मात्र वाटोळे झाले. आजी म्हणाली होती, "अगं, नुसती काजळी पाण्याला धरत नाही. तिला तूप लागतं."

कुपीतली पूड म्हणजे कार्बनच्या नलिका होत्या. कार्बनचे अणू षटकोनांच्या जाळीत बसतात आणि ती जाळी गुंडाळीसारखी वळते, की नलिका तयार होते. १९९१ साली जपानचे सुमिओ इजिमा यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या नलिकांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जगभरच्या प्रयोगशाळांचे तिकडे लक्ष गेले. त्याआधी १९८५ मध्ये साठ कार्बन अणूंचा चेंडू सापडला होता. पुढे २००४ मध्ये एकाच थराची चादर, म्हणजे ग्राफीन, वेगळी काढता आली. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस काही दहा हजार नॅनोमीटर जाड असतो. या नलिकांची जाडी मात्र एक-दोन ते काही दहा नॅनोमीटर. त्या इतक्या बारीक, की पेशीच्या आत शिरू शकतात, आणि त्यांचा पृष्ठभाग इतका मोठा, की त्यावर औषधाचे पुष्कळ रेणू बसू शकतात. म्हणून औषध वाहून नेण्यासाठी त्यांचा विचार सुरू झाला.

पण आजीची काजळी जशी पाण्याला धरत नव्हती, तशाच या नलिकाही धरत नाहीत. पाण्यात टाकल्या की एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे होतात, आणि आपले रक्त म्हणजे बहुतांशी पाणीच. तेव्हा आधी त्यांच्यावर संस्कार करावे लागतात. तीव्र गंधकाम्ल आणि नत्राम्ल यांच्या मिश्रणात त्या उकळल्या, की त्यांत राहिलेले लोखंड-निकेलसारखे धातू बरेचसे निघून जातात, लांब नलिका तुटून आखूड होतात आणि टोकांवर व कडांवर आम्लगट तयार होतात. या गटांना मग निसर्गातले रेणू जोडता येतात. आमच्याकडे दोन होते. एक कायटोसान, जे कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचांपासून मिळते. दुसरे फॉलिक आम्ल. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळे काढले गेले, आणि पानाच्या लॅटिन शब्दावरूनच त्याला नाव मिळाले. काही कर्करोगांच्या पेशी वाढीच्या घाईत असतात. फॉलिक आम्ल पकडून आत घेणारे रेणू त्यांच्या अंगावर नेहमीच्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त असतात. म्हणजे नलिकेला फॉलिक आम्ल जोडणे हे पाकिटावर पत्ता लिहिण्यासारखे आहे.

हे काम मध्य प्रदेशात नवे नाही. सागरच्या डॉ. हरिसिंह गौर विश्वविद्यालयाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात प्रा. एन. के. जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बन नलिकांना फॉलिक आम्ल, ई जीवनसत्त्वापासून केलेला एक रेणू, इस्ट्रोन हे संप्रेरक असे निरनिराळे रेणू जोडून त्यांवरून डॉक्सोरुबिसिन हे औषध नेण्याचे प्रयोग केले आहेत. त्यांचे निबंध वाचूनच मी भोपाळला अर्ज केला होता.

अर्ज करण्यामागे आणखी एक कारण होते, ते मी अर्जात लिहिले नव्हते. माझ्या आत्याला स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा तिला हेच डॉक्सोरुबिसिन दिले होते. ते लाल असते. आत्या त्याला 'लाल सलाईन' म्हणे. ते मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेले औषध आहे, म्हणजे तेही निसर्गाचेच देणे. ते पेशीच्या केंद्रकात शिरून तिची वाढ रोखते. पण शिरेतून गेल्यावर ते सगळ्या शरीरात फिरते आणि हृदयाच्या स्नायूलाही इजा करू शकते. म्हणून एका माणसाला आयुष्यभरात ते किती द्यायचे, याची मर्यादा ठरलेली आहे. आत्याची गाठ गेली. तिचे केसही परत आले. पण आता घरचा जिना चढताना ती चौथ्या पायरीवर थांबते आणि कठड्याला धरून आम्हांला म्हणते, "तुम्ही व्हा पुढं, मी आलेच." औषध जिथे हवे तिथेच उतरले असते तर? हा प्रश्न घेऊन मी भोपाळला गेले होते.

पहिल्या तीन आठवड्यांत माझे काम फार छान झाले असे मला वाटले. आम्लात उकळलेल्या नलिका शुद्ध पाण्यात टाकून हलवल्या, तर शाईसारखे काळे पाणी तयार झाले आणि तीन दिवस ते तसेच राहिले. तळाशी काही बसले नाही. मी बाटली घेऊन सरांकडे गेले. त्यांनी बाटली पाहिली आणि विचारले, "रक्तात शुद्ध पाणी असतं का?" मग सलाइनमध्ये, म्हणजे शेकडा ०.९ मिठाच्या पाण्यात, तोच प्रयोग करायला सांगितला. अर्ध्या तासात सगळी काजळी तळाशी! नलिकांवरच्या सारख्या विद्युतभारामुळे त्या एकमेकींना दूर ठेवीत होत्या. मिठाने तो भार झाकला आणि त्या पुन्हा चिकटल्या. मग मी कायटोसानचा लेप दिला. सौम्य आम्लात तो उत्तम राहिला, पण रक्ताचा सामू असतो ७.४, आणि तिथे कायटोसानचा भार नाहीसा होऊन ते स्वतःच साका होऊन खाली बसते. पुन्हा बाटलीचा तळ काळा. शेवटी अल्ब्युमिन या रक्तातल्याच प्रथिनाने नलिकांना सावरून धरले. मी खूश झाले. सर म्हणाले, "आता नवा प्रश्न. रक्तात शिरल्यावर रक्त आपली प्रथिनं तिच्यावर चढवणारच. तू लिहिलेला पत्ता त्याखाली झाकला गेला, तर?" मी वहीत लिहून घेतले. उत्तर माझ्याजवळ नव्हते.

या दिवसांत रात्री जेवण झाल्यावर काकू आणि मी गच्चीवर बसत असू. काकूंना दम लागतो. जवळ नेहमी फवाऱ्याचा पंप असतो. एका रात्री मी काही न विचारताच त्यांनी सांगायला सुरुवात केली. १९८४ साली त्या सतरा वर्षांच्या होत्या. वडील रेल्वेत, घर स्टेशनजवळच्या वस्तीत. दोन डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर खोकल्याने जाग आली. "वाटलं, शेजारी कुणी मिरच्या जाळल्या. मग सगळी गल्लीच खोकत उठली. आम्ही पळालो. सगळे पळाले. कुठं पळायचं ते कुणाला माहीत नव्हतं. नंतर कुणीतरी सांगितलं, ओला फडका तोंडावर धरून घरात पडून राहिला असता तर बरं झालं असतं. पण ते आधी कोण सांगणार? आत काय बनवतात, तेच आम्हाला ठाऊक नव्हतं." त्यांची धाकटी बहीण त्या रात्री गेली. वडील पुढे आठ वर्षे जगले, पण कामावर परत जाऊ शकले नाहीत.

त्या कारखान्यात कीटकनाशक तयार होई आणि त्यासाठी लागणारा मिथाइल आयसोसायनेट टाकीत साठवलेला असे. टाकीत पाणी शिरले, आतले द्रव्य तापले आणि सुमारे ४० टन वायू झोपलेल्या शहरावर गेला. हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत पसरला आणि पळणाऱ्यांच्या छातीत भरला. पुढे नुकसानभरपाईच्या यादीत पाच लाखांहून अधिक माणसे आली. हे आकडे मी शाळेत पाठ केले होते. काकूंच्या शेजारी बसल्यावर ते आकडे निराळेच वाटू लागले.

त्याच रात्री त्यांनी मला विचारले, "आता तू सांग. तुझं ते काजळ करतं काय?" मी सोप्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला. म्हटले, "काकू, औषध ही सवारी समजा आणि नलिका ही रिक्षा. रिक्षावाल्याजवळ पत्ता असतो. तो वाटेत कुठं थांबत नाही, नेमक्या घरापाशी जाऊन सवारी उतरवतो. कर्करोगाच्या गाठीजवळ थोडं आंबटपण असतं, तिथं सवारी आपोआप सुटते."

काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बरोबर. सवारी उतरली. मग रिक्षा कुठं जाते?"

मी गप्प बसले.

"नाही, म्हणजे तिथंच गल्लीत उभी राहते, का परत जाते? आमच्या जुन्या शहरात रिक्षा उभी राहिली, की सगळी गल्ली बंद. आणि ती फुफ्फुसात उभी राहिली तर?"

दोन महिन्यांत मला कोणीही, अगदी सरांनीही, इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी ग्रंथालयात त्याचा शोध घेतला. प्रश्न जुनाच होता. २००८ साली एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की लांब, ताठ कार्बन नलिका उंदरांच्या उदरपोकळीत सोडल्या तर ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखाच दाह होतो. आखूड, गुंतलेल्या नलिकांनी तसा होत नाही. पेशी त्या लांब तंतूला गिळू पाहते आणि गिळू शकत नाही. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने एका विशिष्ट बहुपदरी नलिकेची नोंद 'मानवात कर्करोगास कारण होण्याची शक्यता' असलेल्या गटात केली. कर्करोगावरच्या औषधाची रिक्षा, आणि तिच्याबद्दलच ही शंका! दुसऱ्या बाजूने, आपल्या पांढऱ्या पेशींतले एक विकर एकपदरी नलिकांचे हळूहळू विघटन करू शकते, असे २०१० मध्ये दिसून आले. ज्या नलिकांवर आम्लगट असतात त्या अधिक सहज तुटतात. म्हणजे ज्या संस्कारांमुळे नलिका पाण्यात मिसळते, तेच संस्कार तिच्या शेवटाचीही थोडी सोय करतात. लांबी किती, पदर किती, अंगावर काय जोडले आहे, वाट कोणती, यांवर उत्तर बदलते. या नलिकांवर बसून रोग्यापर्यंत पोचणारे एकही औषध अजून बाजारात आलेले नाही. त्याचे एक मोठे कारण काकूंचा हा प्रश्नच आहे.

हे सगळे मी काकूंना सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही लोक आधी विचारता. चांगलं आहे." त्यांच्या बोलण्यात उपरोध होता की समाधान, हे मला आजही सांगता येत नाही.

निघण्याआधी एका रविवारी काका मला जुन्या कारखान्याकडे घेऊन गेले. काकू आल्या नाहीत. समोरच्या वस्तीपाशी एका आईचा पुतळा आहे. कुशीत मूल, एका हाताने झाकलेला चेहरा, पदराला धरलेले दुसरे मूल. पलीकडे झाडीत गंजलेले नळ आणि मनोरे दिसत होते. आवारात पडून असलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी, ट्रकांत भरून पीथमपूरला जाळण्यासाठी नेला गेला. तिथल्या लोकांनीही त्याला विरोध केला. सवारी उतरल्यावर रिक्षा कुठे जाते, हा प्रश्न कारखान्यालाही विचारायचा राहून गेला होता.

काकूंचा दम आणि आत्याचा दम मी मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिले आहेत. ते सारखे नाहीत. एकीला औषध तिला सांगून, तिच्या सहीने, तिचा जीव वाचवण्यासाठी दिले. दुसरीला कोणी काही विचारलेच नाही. हा फरक पुसून टाकणे अन्यायाचे होईल. पण दोघींच्याही छातीत एक रेणू नको तिथे गेला, हेही खरे. रसायनशास्त्राच्या वर्गात आपण एखादा पदार्थ काय करतो ते शिकतो. तो कुठे जातो आणि किती काळ राहतो, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. आणखी एक गोष्ट मी शिकले. 'नैसर्गिक' या शब्दाने भुलू नये. कवचातले कायटोसान आणि पानातले फॉलिक आम्ल निरुपद्रवी असले तरी ती लाल सलाईनही निसर्गातलीच आहे. आजीच्या काजळाचेच पाहा ना: काजळी घरची, तूप घरचे, आणि तरी बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नका, असे आज डॉक्टर सांगतात. आधी आजीला त्याचा राग येई. आता ती तीट गालाला लावते.

परत आल्यावर आत्याला भेटायला गेले. तिच्यासाठी भोपाळहून जरीचा बटवा आणला होता. तो उलटसुलट पाहत तिने विचारले, "काय गं, तुझं ते औषध कधी यायचं?" मी भोपाळला गेले तेव्हा या प्रश्नाचे एखादे मोठे उत्तर घेऊन येईन असे मला वाटले होते. माझ्याकडे होती एक वही. तिच्यात तीन वेळा तळ काळा झालेल्या बाटलीची हकीकत होती आणि शेवटच्या पानावर काकूंचा प्रश्न.

"आत्या, लवकर नाही येणार," मी म्हटले. "आधी ते आत गेल्यावर कुठं कुठं जातं ते बघायचं आहे."

ती थोडा वेळ बटव्याची दोरी ओढत बसली. मग म्हणाली, "बघ. नीट बघ. घाई करू नको." आणि चहा टाकायला उठली. स्वयंपाकघर दोन पायऱ्या वर आहे. पहिल्या पायरीवर ती थांबली. मीही थांबले.

— एम.एस्सी. भाग २, रसायनशास्त्र